रुग्णालयाची थकबाकी आणि सिबिलचा धसका

पत्राचा सारांश : नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या, चाळिशीच्या आतील एका वाचकाचे हे पत्र आहे. वडिलांना अर्धांगवायूचा झटका आल्याने त्यांना 19 दिवस खासगी रुग्णालयात ठेवावे लागले. बिल 7,80,000 रुपये झाले. वडिलांच्या नावावर 5 लाखांचा आरोग्य विमा होता, पण विमा कंपनीने 4,35,000 रुपयेच मंजूर केले. उरलेल्या 3,45,000 रुपयांपैकी 60,000 बचतीतून गेले, 1,10,000 क्रेडिट कार्डावर भरले आणि 90,000 रुपयांचे रुग्णालयाच्या काउंटरवरच 12 बिनव्याजी हप्ते 'करून मिळाले'. राहिलेल्या 85,000 रुपयांसाठी वाचकाने हमीपत्रावर सही करून पुढच्या तारखांचे 42,500 रुपयांचे दोन चेक दिले. त्यातला पहिला महिनाभरात बँकेत लागेल. न्यू जर्सीत राहणाऱ्या मावसभावाने सांगितले की, रुग्णालयाचे बिल थकले की माणसाची पत कायमची जाते. त्या भीतीने वाचकाने दोन महिने कार्डाचे बिल आणि एक हप्ता भरला नाही आणि रुग्णालयासाठी 40,000 रुपये साठवले. कार्डाची थकलेली किमान रक्कम आता 19,600 झाली आहे. वसुली करणारा माणूस '70,000 भरा, सेटल करून टाकतो' असे म्हणतो. पत्नी अनुदानित शाळेत लिपिक आहे आणि तिच्या पतसंस्थेतून 11 टक्क्यांनी कर्ज मिळू शकते, पण ते वाचकाला नको आहे. पुढच्या वर्षी गृहकर्ज घ्यायचे आहे. 40,000 रुपये रुग्णालयाला द्यावेत का, सेटलमेंट करावी का आणि हे सगळे वडिलांना सांगावे का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारले आहेत.

स. न. वि. वि.

तुमचे पत्र दोनदा वाचले. बँकेच्या कर्ज विभागात माझी बरीच वर्षे गेली, त्यामुळे आकडे आधी दिसतात आणि माणूस नंतर, ही खोड अजून गेलेली नाही. तरी पहिल्या वाचनात डोळ्यांत भरली ती एक गोष्ट अशी की, जे देणे तुमच्या पतअहवालात दिसतच नाही ते फेडण्यासाठी तुम्ही दिसणारी दोन देणी थकवली आहेत. हेतू चांगला होता, क्रम मात्र उलटा झाला.

मावसभाऊ खोटे बोलले नाहीत. ते त्यांच्या देशाबद्दल बोलले. अमेरिकेत रुग्णालय थकलेले बिल वसुली संस्थेकडे सोपवते आणि ती संस्था त्याची नोंद पतमापन कंपन्यांकडे करू शकते, त्यामुळे पाय मोडल्याचे बिल घर घेताना आडवे येते. तिथेही हा जाच थोडा सैल झाला आहे. फेडलेली वैद्यकीय थकबाकी अहवालातून काढून टाकायची आणि न फेडलेली वर्षभर नोंदवायची नाही, असे तिथल्या तीन मोठ्या कंपन्यांनी जुलै 2022 पासून ठरवले, आणि एप्रिल 2023 पासून 500 डॉलरच्या आतल्या नोंदीही काढून टाकल्या. वैद्यकीय कर्ज अहवालातून पूर्णपणे वगळणारा केंद्रीय नियम जानेवारी 2025 मध्ये जाहीर झाला होता, पण टेक्सासमधील एका संघराज्य न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत तो रद्द केला. मावसभावाची भीती तिथे रास्त आहे, पण ती तशीच्या तशी नाशिकला आणण्याचे कारण नाही.

आपल्याकडे पतमाहितीचा कारभार 2005 च्या कायद्याने चालतो. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चार कंपन्यांना माहिती पुरवतात त्या बँका, वित्त कंपन्या, गृहवित्त कंपन्या आणि क्रेडिट कार्ड देणाऱ्या संस्था. रुग्णालय ही पतसंस्थाही नाही आणि वित्तसंस्थाही नाही, त्यामुळे त्याच्या थकबाकीची नोंद तुमच्या सिबिल अहवालात होत नाही. 'बिल भरले नाही तर सिबिल खराब करू' असे काउंटरवरून कोणी सुनावले असेल, तर ते त्याच्या हातात नाही, एवढे मनात पक्के असू द्या.

म्हणजे रुग्णालयाचे देणे बुडवले तरी चालते का? तसे मुळीच नाही, आणि तुमच्या बाबतीत तर अजिबात नाही, कारण तुम्ही दोन चेक दिलेले आहेत. साधे थकलेले बिल हा दिवाणी मामला असतो: रुग्णालय नोटीस पाठवील, फार तर तीन वर्षांच्या मुदतीत दावा लावील. चेक परत गेला की मात्र परक्राम्य संलेख अधिनियमाचे 138 वे कलम लागू होते. चेक परत आल्याचे कळल्यापासून 30 दिवसांत नोटीस येते, ती मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे दिले नाहीत तर फौजदारी तक्रार होऊ शकते, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंतच्या दंडाची किंवा दोन्हींची असू शकते. बँकेला सांगून चेक 'थांबवला' तरी यातून सुटका होत नाही. म्हणून ज्या देण्याने सिबिलला धक्का लागत नाही, तेच हलगर्जी केली तर कोर्टाची पायरी दाखवू शकते. या दोन धोक्यांची गल्लत करू नका.

आता त्या 90,000 रुपयांकडे येतो, कारण तुमचा खरा गैरसमज तिथे आहे. पत्रात तुम्ही लिहिले आहे, 'मी कर्ज काढलेच नाही, फक्त हप्ते करून घेतले.' त्या काउंटरवर तुमच्या पॅनचा क्रमांक घेतला गेला, मोबाइलवर आलेला ओटीपी तुम्ही सांगितला, आणि त्या क्षणी एका वित्त कंपनीने तुमच्या नावावर 90,000 रुपयांचे कर्ज मंजूर करून ते पैसे रुग्णालयाला दिले. व्याजाचा भार रुग्णालयाने उचलला म्हणून तुम्हाला ते बिनव्याजी वाटते, पण अहवालात ते इतर कोणत्याही वैयक्तिक कर्जासारखेच बसते. 7,500 रुपयांचा चुकलेला हप्ता हा कर्जाचा चुकलेला हप्ता आहे. रात्री दोन वाजता अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या मुलाला ओटीपी देताना हे कुणी समजावून सांगत नाही, यात तुमचा दोष मी धरत नाही. किरकोळ (रिटेल) कर्ज देताना मुख्य अटी एकत्र मांडणारे मुख्य तथ्य विवरणपत्र (की फॅक्ट स्टेटमेंट) देणे रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर 2024 पासून बंधनकारक केले आहे. ते ईमेलमध्ये शोधा. कंपनीचे नाव, हप्त्याची तारीख आणि दंडाचा दर तिथे सापडेल.

कार्डाचा हिशेब त्याहून कडू आहे. 1,10,000 रुपयांवर महिना साडेतीन टक्के धरले तर 3,850 रुपये व्याज होते, त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे मुद्दलाला हातही न लागता महिन्याला सुमारे 4,540 रुपये जातात. ही झाली पैशांची बाजू. पतअहवालाची बाजू अशी की, अहवालात प्रत्येक खात्यापुढे थकबाकीचे दिवस लिहिले जातात आणि मागच्या 36 महिन्यांचा पट कर्ज देणाऱ्याला एका नजरेत दिसतो. 90 दिवस उलटले की खाते अनुत्पादक (एनपीए) ठरते, आणि तो डाग दोन महिन्यांच्या उशिरापेक्षा फार गडद असतो. तुमच्या कार्डाला दोन महिने झाले आहेत. म्हणजे अजून वेळ आहे, पण फार नाही. जानेवारी 2025 पासून बँकांना महिन्यातून किमान दोनदा माहिती पाठवावी लागते, त्यामुळे 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणण्याची सवडही पूर्वीएवढी राहिलेली नाही.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे. साठवलेल्या 40,000 मधून कार्डाची थकलेली किमान रक्कम 19,600 आणि वित्त कंपनीचा चुकलेला हप्ता दंडासह, समजा 8,000, आजच भरा. दोन्ही खाती नियमित होतील. उरलेले साधारण 12,400 रुपये रुग्णालयाच्या खात्यात थेट भरा, पावती घ्या आणि त्याच दिवशी व्यवस्थापनाला पत्र द्या: इतकी रक्कम भरली आहे, उरलेले 72,600 रुपये सहा समान हप्त्यांत देण्याची तयारी आहे, त्यासाठी आधीचे दोन्ही चेक परत करावेत. पत्राच्या प्रतीवर पोहोच घ्या. तोंडी 'चालेल हो साहेब' यावर विसंबू नका. लेखा विभागातला माणूस बदलला की जुना चेक बँकेत जाऊन पडतो, आणि मग तोंडी शब्दाला साक्षीदार उरत नाही.

त्याच भेटीत तपशीलवार बिल मागा, ओळीओळीने, औषधांच्या नावांसह. ते मागणे हा रुग्णाचा हक्क आहे आणि महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत 2021 साली झालेल्या दुरुस्तीने रुग्णहक्कांची सनद रुग्णालयात लावणे बंधनकारक केले आहे. बिलात एकच तपासणी दोनदा धरलेली किंवा परत केलेली औषधे वजा न झालेली आढळणे अपूर्वाईचे नाही. चूक सापडली तर घासाघीस न करता ती लेखी दाखवून द्या. या सदराच्या इतर वाचकांसाठी इथेच एक गोष्ट जोडतो: पैसे बाकी आहेत म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही रुग्णालयाला नाही. हे माहीत नसल्याने लोक दाराशी उभे राहून मिळेल त्या ॲपवरून कर्ज काढतात आणि आगीतून फुफाट्यात पडतात.

दुसरा प्रश्न सेटलमेंटचा. 1,10,000 चे देणे 70,000 मध्ये मिटते आहे, हे ऐकायला गोड वाटते. पण त्या खात्यापुढे मग 'बंद' असे न लिहिता 'सेटल्ड' असे लिहिले जाते, आणि कर्ज विभागातला माणूस त्याचा अर्थ 'याने पूर्ण पैसे दिले नाहीत' असाच वाचतो. रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या चौकटीनुसार अशी तडजोड केलेल्या कर्जदाराला त्याच संस्थेने नवे कर्ज देण्याआधी किमान 12 महिने थांबायचे असते, आणि इतर बँका तो शेरा पुढची अनेक वर्षे पाहू शकतात. तुम्हाला वर्षभरात गृहकर्ज हवे आहे. 40,000 वाचवण्यासाठी घराचा दरवाजा आपल्याच हाताने लावून घेण्यासारखे ते होईल. ज्याची नोकरी गेली आहे, ज्याच्याकडे विकण्यासारखे काही उरलेले नाही, त्याला सेटलमेंट हा मार्ग असतो. तुमच्या घरात दोन पगार येतात. तुम्ही त्या माणसांत मोडत नाही, आणि वसुलीच्या फोनने घाबरून स्वतःला त्यांच्या रांगेत उभे करू नका.

तो माणूस तुमच्या मेहुणीलाही फोन करतो, असे तुम्ही ओघात लिहिले आहे. हे नियमबाह्य आहे. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन करता येत नाहीत, आणि नातेवाइकांना गाठून अब्रू काढण्याचा तर प्रश्नच नाही. फोनची तारीख-वेळ लिहून ठेवा आणि बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा. 30 दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते.

आता पतसंस्थेच्या कर्जाबद्दल. 'बायकोच्या नावावर कर्ज नको' एवढेच तुम्ही लिहिले आहे, कारण दिलेले नाही. कारण मला वाटते ते असे की, तिच्या शाळेतल्या दोन सहकाऱ्यांना जामीन राहायला सांगावे लागेल आणि चार लोकांत गोष्ट फुटेल. हा संकोच मी समजू शकतो. पण हिशेब पाहा. 1,80,000 रुपये 11 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी घेतले, तर महिन्याला सुमारे 5,900 रुपये पगारातून कापले जातील आणि तीन वर्षांत मिळून व्याज जाईल साधारण 32,000. कार्डावर तसेच राहिलात तर एका वर्षाचे व्याजच साडेचोपन्न हजारांच्या घरात जाते. या एका कर्जातून कार्ड पूर्ण फेडता येईल, रुग्णालयाची बाकीही बहुतेक सगळी भागेल आणि ते दोन चेक तुमच्या हातात परत येतील. शिवाय हा प्रस्ताव तुमच्या पत्नीने स्वतःहून मांडलेला आहे. ज्या सासऱ्यांची शुश्रूषा ती करते आहे त्यांच्या बिलात तिने वाटा उचलू नये, हे तुम्ही कोणत्या अधिकाराने ठरवता, असे तिने विचारले तर तुमच्याकडे उत्तर आहे का? मला सुचले नाही.

याची एक किंमत आहे, तीही सांगतो. पतसंस्थेची कपात तिच्या वेतनचिठ्ठीत दिसेल. गृहकर्जात ती सहकर्जदार असेल, तर महिना 5,900 ची कपात म्हणजे साडेआठ टक्के व्याज आणि 20 वर्षांची मुदत धरता पावणेसात लाखांच्या आसपास कमी कर्ज मंजूर होईल. म्हणून गृहकर्जाचा अर्ज वर्षाऐवजी दीड वर्षाने करावा, असे माझे मत आहे. तोवर वित्त कंपनीचे हप्ते संपलेले असतील, कार्डावर शून्य बाकी असेल आणि चुकलेल्या दोन महिन्यांनंतर निर्दोष महिन्यांची लांब ओळ तयार झालेली असेल. अर्जासोबत वडिलांचा डिस्चार्ज कागद आणि चार ओळींचा खुलासा जोडा. उशीर नेमका आजारपणाच्या महिन्यांतला आहे आणि त्यानंतर एकही चूक नाही, हे दिसले की कर्ज मंजूर करणारा अधिकारी अनेकदा तो उशीर समजून घेतो. मीही घेत असे. सेटल्डच्या शेऱ्याचा खुलासा मात्र असा चार ओळींत होत नाही.

पतसंस्थेआधी आणखी एक दार ठोठावून पाहा. तुमचा भविष्यनिर्वाह निधी कापला जातो. स्वतःच्या आणि अवलंबून असलेल्या आई-वडिलांच्या आजारपणासाठी त्यातून अग्रिम मिळतो, तो परत फेडावा लागत नाही आणि तो कर्ज नसल्याने सिबिलमध्येही जात नाही. म्हातारपणची शिदोरी कमी होते, हे खरे. पण थोडी रक्कम तिथून आली तर पतसंस्थेचे कर्ज तेवढे लहान होईल. कंपनीच्या मनुष्यबळ विभागात विचारा.

दर वर्षी चारही कंपन्यांकडून एकेक पूर्ण पतअहवाल मोफत मिळतो. पैसे भरल्यावर महिनाभराने तो मागवा. भरलेले खाते थकीतच दाखवत असेल तर तक्रार करा. 30 दिवसांत ती निकाली निघाली नाही तर दर दिवसाला 100 रुपये भरपाई देण्याचा नियम एप्रिल 2024 पासून लागू आहे. 'पंधरा हजारांत सिबिल साफ' अशा पाट्या लावून बसलेल्यांकडे जाऊ नका. खरी नोंद कोणालाच पुसता येत नाही, आणि चुकीची नोंद तुम्ही स्वतः फुकट दुरुस्त करून घेऊ शकता.

ज्या घरात उपचार अजून सुरू आहेत त्यांनी मात्र एवढे आधीच करावे. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातील सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबे येतात आणि संरक्षण 5 लाखांपर्यंत आहे, पण ते योजनेत सामील असलेल्या (अंगीकृत) रुग्णालयातच आणि ठरलेल्या उपचारांसाठीच मिळते. म्हणून दाखल करतानाच आरोग्यमित्राची, म्हणजे योजनेच्या मदतनीसाची, खिडकी शोधावी. धर्मादाय रुग्णालय असेल तर 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला पहिल्या दिवशीच उत्पन्नाचा दाखला दाखवावा. बिल झाल्यावर या वाटा अरुंद होतात.

आता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर विम्याच्या कागदांत दडलेले आहे. विमा कंपनीने संरक्षणाच्या मर्यादेतलेच 65,000 रुपये का कापले, याचे लेखी विवरण मागा. पत्रावरून दिसते की, खोलीचे भाडे पॉलिसीच्या मर्यादेपेक्षा जास्त होते. अशा वेळी कंपनी इतर खर्चही त्याच प्रमाणात कापते, पण ही प्रमाणशीर कपात औषधे, रोपण केलेली साधने, निदानाच्या तपासण्या आणि अतिदक्षता विभागाचे भाडे यांवर लावता येत नाही. 19 दिवसांपैकी 8 दिवस वडील अतिदक्षता विभागात होते, तेव्हा इथे खरोखर काही हाती लागण्याची शक्यता आहे. आधी कंपनीकडे तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही.

पण ही तक्रार सहसा विमेदाराने स्वतः करायची असते, आणि विमेदार तुमचे वडील आहेत. त्यांचे बोलणे अडखळते, बुद्धी शाबूत आहे, आणि 'किती झाले रे?' असे त्यांनी दोनदा विचारले, हे तुम्हीच लिहिले आहे. दोन्ही वेळा तुम्ही विषय बदलला. तिसऱ्यांदा त्यांनी विचारायची वाट पाहू नका. तपशीलवार बिल, विमा कंपनीचे विवरण आणि तक्रारीचा मसुदा घेऊन त्यांच्या खाटेशेजारी बसा, आकडे वाचून दाखवा आणि उजव्या हाताने सही जमत नसेल तर डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा घ्या. त्यासाठी दोन साक्षीदार असलेले बरे. एक तुमच्या पत्नीला करा.